शेपटाच्या पेटीला हात लावण्याआधी

किटवाले विमान विकतात ते शेपटाकडून. इंजिन नाही, पंख नाही, आधी शेपूट. उभा स्टॅबिलायझर, त्याच्या मागे रडर, आडवा स्टॅबिलायझर आणि त्याच्या मागे दोन एलिव्हेटर. अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही विमानांची हीच रीत आहे आणि तिच्यात शुद्ध व्यवहार आहे. शेपूट टेबलावर मावतं. एखादा पत्रा वाया गेला तर नवा मागवताना घर गहाण पडत नाही. आणि हे काम आपल्याला झेपतं की नाही, ते पंखाचे पैसे भरायच्या आत कळतं. बऱ्याच जणांचं विमान शेपटाशीच थांबतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पण यात ग्यानबाची मेख आहे. तुझा हात सगळ्यात कच्चा असताना जो भाग तू बांधणार, तोच हवेत सगळ्यात हळवा. रडर किंवा एलिव्हेटर वेगात एकदा फडफडायला लागला की वैमानिकाला विचार करायला सवड मिळत नाही, सेकंदांत शेपूट सुटतं. म्हणून शिकायचं शेपटावर नाही. शिकायचं भंगार पत्र्यावर. शेपटावर यायचं ते शिकून झाल्यावर.

मी काय सांगणार आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं वाचताना तुझं लक्ष जागेवर राहील. रिव्हेट कसा मारायचा हे तुला आठवड्याभरात येईल. कुठला रिव्हेट काढायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही, हे यायला फार वेळ लागतो. नवख्यांची विमानं वाकड्या रिव्हेटनं जितकी बिघडतात, त्याहून जास्त ती वाकडा रिव्हेट सरळ करायच्या हट्टानं बिघडतात. ओझरला एचएएलच्या शीट मेटल शॉपमध्ये माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी मला रिव्हेट गन दिलीच नाही. त्यानं ड्रिल दिलं आणि दुसऱ्यांनी मारलेले रिव्हेट काढायला बसवलं. नाशिकजवळचा तो कारखाना 1964 साली मिग-21साठी उभा राहिला. मी नंतरच्या भरतीतला. आमचं सगळं मिलिमीटरमध्ये चालायचं, तुझं किट इंचात आहे. तेवढा फरक सोडला तर ॲल्युमिनियम तेच आणि माणसाची घाईही तीच.

आता आपल्या घराविषयी. रायपूरच्या पुरानी बस्तीतला हा वाडा विमान बांधायला वाईट नाही. ओसरी लांब आहे, माडीवर उजेड भरपूर आहे आणि भिंती जाड असल्यामुळे गनचा आवाज शेजारी जरा कमीच जातो. तरी महामायेच्या मंदिरातल्या आरतीच्या वेळी गन बंद ठेवायची आणि दुपारी दोन ते चार शेजारचे म्हातारे झोपतात, तेव्हाही. भोकांच्या कडांचे बर काढणं, घासणं, मोजणं, पुसणं ही बिनआवाजाची कामं भरपूर पडलेली असतात, ती तेव्हा कर. आजूबाजूची माणसं तुझ्या बाजूनं असली पाहिजेत. दोन-तीन वर्षांचा मामला आहे हा.

रायपूरची खरी अडचण आवाज नाही, काळी धूळ आहे. सकाळी गच्चीवर अनवाणी फिरून आलास की तळपाय काळे होतात ना, ती. उरला आणि सिलतराच्या स्पंज आयर्न कारखान्यांकडून येणाऱ्या त्या धुळीत कोळसा आणि लोखंडाचे बारीक कण असतात. लोखंडाचा कण ॲल्युमिनियमवर बसला आणि वर पावसाळ्याची दमट हवा मिळाली की तिथं गंज धरायला सुरुवात होते. शिवाय असा कण दोन पत्र्यांच्या मध्ये अडकला तर पत्रे एकमेकांना टेकतच नाहीत. म्हणून ओसरीवर काम करायचं असेल तर रस्त्याच्या बाजूला जाड पडदा लाव, टेबल रोज ओल्या फडक्यानं पूस आणि पत्रा उघडा ठेवून जेवायला जाऊ नकोस. टेबलावर जुनी सतरंजी अंथरायची पद्धत चांगली आहे, पण तिच्यात ड्रिलचा कीस रुततो आणि पुढचा पत्रा तिच्यावरून सरकवलास की त्यावर ओरखडे उठतात. ती रोज झटकायची, नाहीतर अंथरायचीच नाही.

दुसरी गोष्ट ऊन. मे महिन्यात अंगणात ठेवलेला पत्रा हात लावू देत नाही. समज, रडरचा पत्रा उन्हात आहे आणि स्पार, म्हणजे त्याचा आतला कणा, घरात सावलीत. दोघांच्या तापमानात पंचवीस अंशांचा फरक पडला तर सव्वा मीटर लांबीत साधारण 0.7 मिलिमीटरचा फरक पडतो. छोट्या रिव्हेटच्या भोकात मोकळीक असते जेमतेम एक दशांश मिलिमीटरची. मग भोकं जुळत नाहीत, माणूस चिडतो, ड्रिल घालून भोक ओढून जुळवतो आणि तिथं कायमचं लंबगोल भोक होऊन बसतं. जुळत नसेल तर चहा पिऊन ये. दोन्ही भाग एकाच खोलीत तासभर ठेवलेस की आपोआप जुळतील.

खुणा करायला शिसपेन्सिल वापरू नकोस. घरात सुतारकामाची सवय असलेला प्रत्येक जण हे करतो. पेन्सिलीतला ग्राफाइट ॲल्युमिनियमला खातो. पातळ टोकाचा मार्कर घे. पत्र्यावर निळी प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली येते, ती ओरखड्यांपासून वाचवते, पण वर्षभर तशीच ठेवायला ती काही कपाटावरचं कव्हर नाही. आपल्या उन्हात तिचा गोंद पक्का होतो आणि पावसाळ्यात तिच्याखाली ओल धरते. सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीनं गोल करून घे आणि रिव्हेटच्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी फिल्मवर हलकेच फिरव. रांगेपुरती पट्टी सुटून येईल आणि बाकीची तात्पुरती राहील. टोक धारदार असलं तर फिल्मबरोबर पत्राही चिरला जाईल.

आता भोकं. आजकालच्या किटमध्ये भोकं पाडूनच येतात, त्यामुळे आमच्या वेळची निम्मी डोकेदुखी गेली. पण कारखान्यानं पाडलेलं भोकही स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. व्हॅन्सनं 2022-23च्या सुमारास काही भाग पंचऐवजी लेसरनं कापून घेतले. डिंपल करताना, म्हणजे रिव्हेटचं डोकं बसावं म्हणून भोकाची कड वाटीसारखी दाबताना, त्यातल्या काही भोकांच्या कडांना चिरा गेल्याचं बांधणाऱ्यांना दिसलं, भाग बदलून द्यावे लागले आणि डिसेंबर 2023 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. नंतर ती त्यातून बाहेरही आली. पण एवढ्या नावाजलेल्या कंपनीच्या भोकात चीर जाऊ शकते, तर भिंग विकत घे. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग सराफाकडे असतं तसं. डिंपल केलेल्या प्रत्येक भोकाची कड त्यातून बघ.

बर काढताना अतिउत्साह नको. ड्रिलच्या दुसऱ्या बाजूला जो धारदार काठ उठतो तेवढाच काढायचा असतो. भोकापेक्षा जाड बिट हातातल्या मुठीला लावून दोन हलके फेरे दिले की झालं. नवखे लोक सात-आठ फेरे देतात, भोकाला उतार पडतो आणि 0.4 मिलिमीटरच्या पत्र्यात मग रिव्हेटच्या डोक्याला टेकायला धातूच उरत नाही. काही मॉडेलांत रडरचा पत्रा एवढा पातळ असतो, विसरू नकोस. पत्र्याच्या बाहेरच्या कडा मात्र जीव लावून घास. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी नख फिरवून बघ. नख अडकलं तर चीर तिथूनच सुरू होणार. स्टील वूल मात्र घरातसुद्धा आणू नकोस. त्याचे तुकडे पत्र्यात घुसतात आणि वर सांगितलेला गंज सुरू होतो.

पातळ पत्र्याला काउंटरसिंक करायचं नाही, म्हणजे भोकाची कड उतरती कापायची नाही, डिंपल करायचं. कारण साधं आहे. चपट्या डोक्याच्या रिव्हेटचं डोकं जेवढं खोल असतं त्याहून पत्रा पातळ असेल, तर काउंटरसिंक केल्यावर भोकाची कड सुरीसारखी धारदार होते आणि भार आला की ती कड फाटायला सुरुवात होते. 28 एप्रिल 1988 रोजी हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या 737चं पुढचं छप्पर हवेत उडून गेलं. त्याच्या सांध्यातला चिकटवलेला जोड सुटला होता, गंज होता, आणि भार येऊन पडला होता तो काउंटरसिंक केलेल्या भोकांच्या अशाच सुरीधार कडांवर. त्या विमानानं जवळपास 90 हजार उड्डाणं केली होती. तुझं विमान एवढं कधीच उडणार नाही, पण त्याचा पत्राही तेवढा जाड नाही.

डिंपल करताना भीती एकाच गोष्टीची. सी-फ्रेमवर पत्रा ठेवून वरून हातोडी मारताना पत्रा किंचित सरकला, तर डायचं टोक भोकात न बसता शेजारी बसतं आणि आठाच्या आकड्यासारखं दुसरं भोक पडतं. याला उपाय हातात नाही, टेबलात आहे. सी-फ्रेमच्या उंचीएवढं लाकडी टेबल तिच्या चारही बाजूंना कर, म्हणजे पत्रा सपाट पडून राहील आणि त्याला धरून ठेवायची गरजच पडणार नाही. प्रत्येक वेळी टोक भोकात बसल्याचं बोटाला कळल्याशिवाय हातोडी उचलायची नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

आता रिव्हेटची भाषा. आपल्या गोलबाजारात याला रिपीट म्हणतील आणि बादलीला मारायचे काढून देतील. ते चालणार नाहीत, एक सुद्धा नाही. किटबरोबर येणाऱ्या पुड्यांवर एएन 426 एडी 3-3.5 असं लिहिलेलं असेल. 426 म्हणजे चपटं डोकं, 470 म्हणजे उंच गोल डोकं. एडी म्हणजे मिश्रधातू, आणि त्याची खूण डोक्याच्या मध्यावर बारीक खळगी. 3 म्हणजे व्यास 3/32 इंच, आपल्या हिशेबात 2.4 मिलिमीटर. 4 असेल तर 1/8 इंच, 3.2 मिलिमीटर. शेवटचा आकडा लांबी, सोळाव्या भागांत. पहिल्याला 40 नंबरचं ड्रिल, दुसऱ्याला 30 नंबरचं. पत्रे धरून ठेवायला क्लेको असतात. चंदेरी लहान भोकाला, तांब्याच्या रंगाचे मोठ्याला. पुड्या फोडून एकाच डब्यात ओतल्यास तर मी त्या दिवशी घरी निघून जाईन. प्रत्येक लांबीचा वेगळा डबा, आणि चिकटपट्टीवर नंबर.

लांबी बरोबर आहे का, हे ठरवायला एक नियम पाठ कर. मारण्याआधी रिव्हेटची दांडी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट दिसली पाहिजे. मारल्यावर आतल्या बाजूला जे ठेचलेलं डोकं तयार होतं, ते व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. लहान रिव्हेटला 3.6 रुंद, 1.2 उंच. मोठ्याला 4.8 रुंद, 1.6 उंच. याचा छोटा गेज मिळतो. स्वतः पट्टीत भोक पाडून केलास तर जास्त चांगलं, कारण मग तो तुझ्या खिशात राहील. दांडी लांब असली तर ती आडवी झोपते, आखूड असली तर डोकं पुरेसं तयार होत नाही. आणि नकाशात लिहिलेली लांबी नेहमीच बरोबर नसते. प्रायमर जाड लागला, तीन पत्रे एकत्र आले की बदलते. मोजून बघायचं, लिहिलंय म्हणून मारायचं नाही.

मारायचे तीन मार्ग. जिथं स्क्वीझर पोचतो तिथं स्क्वीझर. त्यात बिघडायला जागा कमी, दाबलं की दोन्ही डोकी सरळ. रडर आणि एलिव्हेटरच्या पत्र्याला आतून ज्या पट्ट्या लागतात त्यांना बॅक-रिव्हेटिंग, म्हणजे पत्रा पोलादी पाटावर पालथा ठेवायचा, रिव्हेटचं डोकं पाटाला टेकवायचं, चिकटपट्टीनं पकडायचं आणि दांडीवरून मारायचं. बाहेरची बाजू आरशासारखी येते. यात फसगत एकच होते, पाट संपतो आणि रिव्हेट टेबलावर येतो ते लक्षात येत नाही. पाटाच्या कडा मार्करनं टेबलावर काढून ठेव.

तिसरा मार्ग गन आणि डॉली, म्हणजे दांडीमागे धरायचा जड ठोकळा, आणि इथं दोन माणसं लागतात. गन कोणाकडे आणि डॉली कोणाकडे, यावरून घराघरांत भांडणं होतात. माझं मत विचारशील तर हुशार माणसानं डॉली धरावी. गनवाला फक्त डोकं बघतो, रिव्हेट तयार होताना बघतो तो डॉलीवाला. सूनबाईंचा हात बारीक आहे, रिबच्या, म्हणजे आतल्या फासळ्यांच्या, मध्ये सहज जाईल, आणि तुझ्यापेक्षा त्यांना घाई कमी आहे. डॉली टंगस्टनची घेता आली तर घे, लहान असून जड असते. ती सरळ टेकवायची, दाबायची नाही. दाबली तर दोन पत्र्यांमध्ये फट पडते आणि रिव्हेट त्या फटीतच फुगतो. गन मात्र घट्ट धरायची, काटकोनात, तिच्या टोकाचा स्नॅप डोक्यावर पूर्ण बसवून. कंप्रेसरचा दाब लहान रिव्हेटला चाळीस पाउंडाच्या आसपास ठेवून सुरुवात कर आणि भंगारावर जुळव. दाब फार कमी ठेवून खूप वेळ टकटक केलंस तर दांडी कडक होत जाते आणि मग ती दबत नाही, तडकते. थोडे, ठाम ठोके.

कानांवर इअरमफ असताना बोलणं ऐकू येत नाही. आमच्याकडे जी रीत होती तीच तुम्ही दोघं ठरवून घ्या. डॉलीवाल्यानं पत्र्यावर आतून एकदा टकटकवलं की अजून मार. दोनदा म्हणजे झाला, पुढे चल. तीनदा म्हणजे बिघडला, खूण कर. गनवाल्यानं त्यावर वाद घालायचा नाही. नवरा-बायकोच्या जोडीला हे शेवटचं कलम विशेष जड जातं.

आणि पंपातलं पाणी. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कंप्रेसरच्या टाकीत पेलाभर पाणी साचतं. ते गनमधून बाहेर येतं आणि पत्र्यावर उडतं. रोज सुरुवातीला खालचा नळ सोडून टाकी रिकामी कर, गनमध्ये तेलाचे दोन थेंब टाक.

रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मारत जाऊ नकोस. पत्रा थोडा थोडा पुढे ढकलला जातो आणि शेवटच्या रिबला पोट येतं. एकाआड एक भोकात क्लेको, मधून सुरुवात, मग इकडे एक तिकडे एक.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रिव्हेट बिघडला. बाहेरून डोकं नीट बसलंय, आतून ठेचलेलं डोकं जरा एका बाजूला गेलंय. तुला रात्री झोप येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल घेऊन बसशील. थांब. आधी गेज लाव. उंची आणि रुंदी बसते का? ठेचलेलं डोकं पूर्ण भोक झाकतंय का? पत्रे एकमेकांना चिकटलेत का? पत्र्यावर डॉलीचा घाव नाही ना? हे सगळं ठीक असेल तर तो रिव्हेट कुरूप आहे, कमकुवत नाही. त्याला तसाच राहू दे. तो आत आहे, तुझ्याशिवाय कोणी बघणार नाही. काढायला गेलास तर पाचांतल्या एका वेळी भोक मोठं होईल, पातळ पत्र्यात तर जास्तच, आणि मग चांगल्या भोकातल्या कुरूप रिव्हेटच्या जागी वाईट भोकातला देखणा रिव्हेट येईल.

काढायचाच असेल, म्हणजे डोकं तडकलं असेल, दांडी पूर्ण झोपली असेल, दोन पत्र्यांत फट असेल, तर ड्रिल बाहेरच्या, कारखान्याच्या डोक्याकडून लावायचं. एडीच्या डोक्यावरची ती खळगी मध्य दाखवायलाच आहे. बिट भोकाच्याच नंबरचं किंवा एक लहान. डोक्याच्या जाडीएवढंच खोल जायचं, दांडीत नाही. मग त्या भोकात पंच घालून बाजूला वाकवायचा, डोकं टिकलीसारखं निघून येतं. दांडी मागून लाकडाचा आधार देऊन हलक्या ठोक्यानं बाहेर. आधार दिला नाहीस तर रिबचं पाखं वाकतं. एवढं करूनही भोक मोठं झालं, तर तोच नंबर पुन्हा मारू नकोस. लहान डोक्याचा पण जाड दांडीचा रिव्हेट त्याच कामासाठी मिळतो, एनएएस 1097. त्याची एक पुडी आधीच मागवून ठेव. फक्त मारण्याआधी भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत नव्या व्यासाच्या दुप्पट अंतर उरतंय का, ते मोज. उरत नसेल तर तो भाग गेला. नवा मागव आणि जुना भिंतीला लाव.

दुरुस्ती म्हणजे काय, हे मी तरुण पोरांना एका विमानावरून सांगत असे. जपान एअरलाइन्सच्या 747चं शेपूट 1978 साली ओसाकाला उतरताना जमिनीला घासलं. मागच्या प्रेशर बल्कहेडची, म्हणजे केबिनची हवा अडवणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती झाली. सांध्यात जी जोडपट्टी अखंड असायला हवी होती, ती दोन तुकड्यांत घातली गेली, आणि जो भार रिव्हेटच्या दोन रांगांनी उचलायचा तो एकाच रांगेवर आला. वरून बघणाऱ्याला सगळे रिव्हेट जागच्या जागी दिसत होते. ते विमान त्यानंतर 12 हजारांहून जास्त वेळा उडालं. 12 ऑगस्ट 1985 रोजी बल्कहेड फाटला, आतल्या हवेच्या झोतानं उभा स्टॅबिलायझर उडवून नेला आणि 524 पैकी 520 माणसं गेली. तिथला एकेक रिव्हेट बघितला असता तर उत्तम निघाला असता. भार कुठून कुठे जातो, हे कोणी बघितलं नव्हतं. म्हणून नकाशात पट्टी एक दाखवली असेल तर एकच घालायची. दोन तुकडे घालून चालेल का, असं मला विचारायलासुद्धा येऊ नकोस.

वजनाचंही सांगतो, थोडक्यात. रडर किंवा एलिव्हेटर बिजागरीपासून मागे जितका जड होईल तितकी फडफडीची भीती वाढते. म्हणून एलिव्हेटरच्या पुढच्या कोपऱ्यात शिसं असतं. तू मागच्या कडेला लांबी भरलीस, रंगाचे चार थर दिलेस, की ते गणित मोडलं. तोल रंग झाल्यावर तपासायचा, आधी तपासून समाधान मानायचं नाही. आणि महामायेसमोर पूजा करून रडरवर हळदीकुंकू वाहायला माझी हरकत नाही, फक्त नंतर पुसून घे.

कागद. प्रत्येक दिवशी काय केलं, कुठली पुडी वापरली, कुठला रिव्हेट काढला, ते वहीत, तारखेसह, फोटोसह. आपल्यातल्याच कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण घे. त्यांनी मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, किट नव्हे, स्वतःच्या आराखड्याचं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते मुंबईतल्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी बघितलं. नोंदणी होऊन व्हीटी-एनएमडी हा क्रमांक मिळाला तो नोव्हेंबर 2017 मध्ये आणि उडवायची परवानगी 2019 साली. पत्रा आणि इंजिन तयार असताना वर्षं गेली ती कागदात. तेव्हा डीजीसीएच्या कार्यालयाला आधी लेखी विचार, उत्तर येईपर्यंत पंखाची ऑर्डर देऊ नकोस. कागदाशिवाय विमानाचं काय होतं ते बघायला लांब जायला नको. ऑगस्ट 2015 मध्ये इंजिन बिघडल्यामुळे बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं एमडी-83 आपल्या रायपूरच्या माना विमानतळावर उतरलं. प्रवासी सुखरूप गेले, इंजिनही बदललं, पण विमान वर्षानुवर्षं तिथंच उभं राहिलं आणि भाड्याची थकबाकी वाढत गेली.

राहता राहिली रडरची मागची कड. सगळ्या शेपटात हीच खरी परीक्षा. दोन पातळ पत्रे आणि मध्ये पाचरीसारखी पट्टी, दोन्हीकडे चपटी डोकी. सरळ मारत गेलास तर कड नागमोडी होते, आणि वाकडी कड म्हणजे विमान सतत एका बाजूला ओढणार. सरळ ॲल्युमिनियमचा अँगल घे, त्याला रडरची भोकं पाड आणि कड त्याला क्लेकोनं बांध. मध्ये सीलंट किंवा दुहेरी चिकटपट्टी लाव, अँगल लावलेलाच ठेव आणि सीलंट असेल तर ते पूर्ण वाळू दे. आपल्याकडे थंडीत वाळायला वेळ लागतो, दोन दिवस दे. मग पोलादी पाटावर ठेवून दर दहावा रिव्हेट मार, मग त्यांच्या मधला, मग त्याच्या मधला, आणि कुठलाही एकदम पूर्ण नाही. अर्धे अर्धे दाबत सगळी कड दोनदा फिर. दर थोड्या वेळानं पट्टी लावून डोळा कडेच्या पातळीत आणून बघ.

पण ही कड बंद केल्यावर आत बघायला जागा राहत नाही. आतला प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक राहिलेला कीस, प्रायमर नीट न लागलेला प्रत्येक कोपरा त्याच्या आधीच बघावा लागतो. तेव्हा सीलंटची ट्यूब उघडायच्या आदल्या संध्याकाळी मला बोलाव, सूनबाईंनाही थांबायला सांग, टॉर्च आणि भिंग टेबलावर काढून ठेव. मी बघितल्याशिवाय कड बंद करायची नाही.